विसार हातात आहे: मरण दाराशी असताना स्वर्गाची आशा कशी धरावी

प्रश्न थोडक्यात असा. यजमानांचा कर्करोग यकृतापर्यंत पोचला आहे, आता घरीच ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. ताई लहानपणापासून मंडळीत आहेत. बाप्तिस्मा, दृढीकरण, प्रभुभोजन, सगळं झालेलं. उपासनेत स्वर्गाची गीतं म्हणताना त्यांचे डोळे भरून येतात, पण रात्री दोन वाजता धडकी भरते: हे खरं असेल का, आणि असलं तर माझ्यासाठी असेल का? त्यात भेटायला येणारे म्हणतात, ‘विश्वास धरा, बरे होतील.’ खात्रीची आशा म्हणजे नेमकं काय, आणि अशा दिवसांत ती जगायची कशी?

ताई, आधी शब्दापासून सुरुवात करते. आपल्या बोलण्यात ‘आशा’ हा शब्द फार हलका झाला आहे. ‘पाऊस पडेल अशी आशा आहे’ म्हणतो तेव्हा मनात धरलेलंच असतं की न पडण्याचीही शक्यता आहे. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘एल्पिस’ प्रेषितांच्या लिहिण्यात असा डळमळीत येत नाही. जे अजून दिसत नाही पण येणार हे ठरलेलं आहे, त्याची वाट पाहणं म्हणजे ती आशा. तुम्हाला रात्री जी सापडत नाही ती भावना आहे. आशा हा भावनेचा प्रकार नाही, म्हणून भावना गेली तरी आशा जात नाही. हे नीट कळलं की पुढचं पुष्कळ सोपं होतं.

मराठी शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, भाषांतरकारांनी इथे दोन शब्द असे निवडले आहेत की ज्याच्या घरात कधी जमिनीचा व्यवहार झाला आहे त्याला ते लगेच कळावेत. पेत्राच्या पहिल्या पत्रात १:४ मध्ये ‘वतन’, आणि पौलाच्या इफिसकरांस पत्रात १:१४ मध्ये ‘विसार’. वतन मजुरीने मिळत नाही, ते घराण्याकडे येतं. पेत्र म्हणतो की ते तुमच्यासाठी स्वर्गात राखून ठेवलेलं आहे, आणि लगेच पुढच्या वचनात म्हणतो की तुम्हीही देवाच्या सामर्थ्याने राखलेले आहात. दोन्ही बाजू राखलेल्या आहेत. रात्री आपण फक्त पहिलीच पाहतो: वतन सुरक्षित असेल हो, पण तिथवर मी टिकेन का? त्या प्रश्नाचं उत्तर पाचव्या वचनात दिलेलंच आहे.

विसारावर थोडं थांबू या. जमीन घ्यायची ठरली की घेणारा विसार देतो, विसारपावती होते, खरेदीखत नंतर. विसार दिला म्हणजे घेणारा बांधला गेला. त्याने मागे फिरायचं ठरवलं तर बहुतेक व्यवहारांत विसार जातो. आता पौलाचं म्हणणं बघा. करिंथकरांना तो सांगतो की तुम्ही मोलाने विकत घेतलेले आहात. म्हणजे घेणारा देव आहे, आणि विसारही त्यानेच दिला आहे: पवित्र आत्मा. पैशाच्या व्यवहारात विसार पैशाचाच असतो, पुढे द्यायच्या रकमेचाच तो पहिला भाग. तसंच इथेही. प्रभूची ओढ, पापाचं वाईट वाटणं, ‘बापा’ म्हणून हाक मारावीशी वाटणं, ज्याच्याशी पटत नाही त्याच्यासाठी प्रार्थना करावीशी वाटणं हे येणाऱ्या जीवनाचेच पहिले हप्ते आहेत. तुम्ही घाबरून का होईना पण प्रभूलाच हाक मारत असाल, तर हात रिकामा नाही.

खात्री नक्की कशावर उभी राहते? तिचे तीन आधार आहेत आणि तिघांचं वजन सारखं नाही. पहिला, ख्रिस्ताने वधस्तंभावर जे केलं आणि देवाने त्याला उठवून जे मान्य केलं ते. आणि त्यावर दिलेलं वचन. हे घराचं जोतं. दुसरा, आत्म्याची आतली साक्ष, रोमकर ८:१६. तिसरा, आयुष्यात दिसणारं फळ. योहानाचं पहिलं पत्र यावर बराच भर देतं. चूक होते ती अशी: दमलेला, झोप न झालेला माणूस तिसऱ्यापासून सुरुवात करतो. आज मी चिडले, औषध द्यायला उशीर केला, मनात वाईट विचार आला. मग मी खरी विश्वासी आहे का? तिथून तो दुसऱ्यावर येतो: आत काहीच जाणवत नाही. पहिल्यापर्यंत पोचेतो पहाट झालेली असते. क्रम उलटा करा. आधी जोतं, मग भिंती. फळ पाहायचंच असेल तर दिवसा पाहावं, आणि तेही आपल्याला बऱ्याच वर्षांपासून ओळखणाऱ्या कुणा विश्वासी व्यक्तीबरोबर. स्वतःचं फळ स्वतःला कमीच दिसतं.

खात्री डळमळली म्हणजे तारण गेलं, असं समजू नका. १६४६ साली इंग्लंडमध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीचं, म्हणजे प्रॉटेस्टंट मंडळीच्या एका लेखी श्रद्धा-जाहीरनाम्याचं, अठरावं प्रकरण याच विषयावर आहे. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ही खात्री मिळायला बराच काळ वाट पाहावी लागू शकते, आणि मिळालेली खात्रीही अनेक प्रकारे हलू शकते. कॅथलिक मंडळी याबद्दल वेगळ्या शब्दांत शिकवते. ती स्वतःच्या अंतिम तारणाबद्दल निरपवाद खात्रीचा दावा करत नाही आणि आशेला देवाने ओतलेला सद्गुण मानते. पण पाया ख्रिस्त आणि त्याचं वचन हे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांनाही मान्य आहे. मार्क ९:२४ मधल्या आजारी मुलाच्या बापाने विश्वास आणि अविश्वास एकाच वाक्यात मांडला, आणि प्रभूने त्याच्या मुलाला बरं केलं; आधी अविश्वास संपवून ये, असं म्हटलं नाही.

इब्री ६:१९ मध्ये आशेला नांगर म्हटलं आहे. नांगर टाकला म्हणजे होडी हलायची थांबत नाही, ती वाहून जायची थांबते. आणि कोळ्याला ठाऊक असतं की दोर आखूड ठेवला तर लाट होडीला उचलते तसा नांगरही उचलला जातो. म्हणून पाण्याच्या खोलीच्या पाच-सात पट दोर सोडतात, वारा वाढला तर आणखी. आजचा रिपोर्ट, आजची भूक, आजचा ताप एवढ्यावरच नजर राहिली की दोर आखूड झाला. तो सोडायचा म्हणजे पुनरुत्थानापर्यंतचं वचन वाचायचं, आणि तेही रोज.

आता रात्री दोनचं काय करायचं ते सांगते. अंथरुणात पडून वाद घालू नका; त्या वेळी मन स्वतःशी भांडून कधी जिंकत नाही. उठून बसा, दिवा लावा, अर्धा पेला पाणी प्या. उशाशी एक वही ठेवा, तिच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत चार ठिकाणं दिवसाच लिहून ठेवा: योहान १०:२८–२९, रोमकर ८:३८–३९, पहिलं योहान ५:१३, स्तोत्र १२१. एकच घ्या, चारही नको. ओठ हलवून, आवाज ऐकू येईल इतपत वाचा. मग त्यातल्या क्रियापदाचा कर्ता कोण ते शोधा. योहान १०:२८ मध्ये सार्वकालिक जीवन देणारा तो आहे. हात त्याचा आहे आणि त्यातून कोणी हिसकावून घेणार नाही. तुमच्या नावावर तिथे एकही काम लिहिलेलं नाही. मग एका वाक्यात प्रार्थना, ‘प्रभो, मी घाबरले आहे, मला धर’, आणि आडव्या व्हा. झोप आली नाही तरी चालेल. दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. रात्रीचा लांब शास्त्राभ्यास दुसऱ्या दिवशी शुश्रूषा करणाऱ्या माणसाला थकवतो.

दिवसाचं वाचन वेगळं ठेवा. तीन आठवडे पुरतील अशी पाच प्रकरणं आहेत: योहान १४ (३१ वचनं), रोमकर ८ (३९), पहिलं करिंथ १५ (५८), पहिलं पेत्र १ (२५), प्रकटीकरण २१ (२७). रोज एक तुकडा, आठ-दहा वचनं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. नवं काही शोधण्याचे हे दिवस नाहीत.

यजमानांसाठी याहूनही कमी. खूप आजारी माणसाला लांब वाचन सोसत नाही. स्तोत्र २३ सहाच वचनांचं आहे, तेवढं पुरतं. त्यांना जे लहानपणापासून पाठ आहे तेच वाचा, आणि त्याच जुन्या भाषांतरातून. नव्या शब्दांशी झगडायची ताकद त्यांच्यात उरलेली नसते. कानाशी, सावकाश, हात हातात धरून. शेवटच्या दिवसांत माणूस उत्तर देईनासा झाला तरी ऐकू येत असण्याची शक्यता असते, म्हणून वाचणं थांबवू नका आणि खाटेजवळ वाटणी, खर्च, दफन यांची चर्चा करू नका. स्तोत्र ३१:५, ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो’, हे प्रभूने स्वतः वधस्तंभावर म्हटलं. एवढं एकच वाक्य त्यांच्याबरोबर म्हणायची सवय आत्तापासून लावा. पाळकसाहेबांना घरी प्रभुभोजन द्यायला बोलवा, आणि ते लवकर, गिळता येतंय तोवर. बहुतेक घरांत यालाच उशीर होतो, कारण बोलावलं म्हणजे आशा सोडली असं घरच्यांना वाटतं. प्रभुभोजन ही तर आशेचीच खूण. पौल म्हणतो, प्रभू येईपर्यंत त्याच्या मरणाची घोषणा.

शरीराची काळजी घेणं हा आशेचाच भाग आहे. ज्या देहाला देव उठवणार आहे त्या देहाला वेदनेत ठेवण्यात भक्ती नाही. डॉक्टरांनी मॉर्फिन दिलं असेल तर ते ठरलेल्या तासांनी द्या. दुखणं असह्य होईपर्यंत थांबलात तर ते आटोक्यात यायला फार वेळ लागतो. त्याने बद्धकोष्ठता होतेच, तेव्हा पोट साफ होण्याचं औषध सोबतच मागून घ्या. गिळणं बंद झालं की जबरदस्तीने भरवू नका. ओल्या कापडाने ओठ आणि तोंड ओलं ठेवा. ‘गोळ्या घेतल्या म्हणजे विश्वास कमी’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

‘विश्वास धरा, बरे होतील’ म्हणणाऱ्यांबद्दल थोडं कठोर बोलते. बरं होण्यासाठी प्रार्थना करावी, अवश्य करावी. याकोब ५ मध्ये मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांना, बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंच आहे. पण बरं होणं आणि आशा यांची गाठ घातली की काय होतं? माणूस गेला, की घरच्यांच्या वाट्याला दुःख आणि वर दोष, दोन्ही येतात: आमचाच विश्वास कमी पडला. हे ओझं मी फार क्रूर मानते. पौलाने आपल्या देहातला काटा, म्हणजे कायम सलणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा गेला नाही, कृपा पुरेशी आहे असं उत्तर आलं. आणि मेलेल्या लाजराला प्रभूने उठवलं खरं, पण लाजर पुन्हा एकदा मेलाच. मंडळीची आशा बरं होण्याच्या कितीतरी पुढे जाते. भेटायला येणाऱ्यांना दारातच सांगा: एका वेळी दोघं, दहा मिनिटं, एक छोटी प्रार्थना, प्रवचन नको. हे सांगायला अवघड वाटत असेल तर मंडळीतल्या एखाद्या वडिलांवर सोपवा.

स्वर्ग म्हणजे काय याचं चित्र धूसर असलं तर आशाही धूसर राहते. ढगात तरंगणारे पांढरे झगे यांच्यासाठी कुणाचं मन ओढ घेत नाही. शास्त्रात क्रम असा आहे. विश्वासात मरण पावलेला ख्रिस्ताजवळ असतो: फिलिप्पैकर १:२३, दुसरं करिंथ ५:८, आणि वधस्तंभावरच्या चोराला मिळालेलं ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’. मृतांसाठी प्रार्थना आणि शुद्धीकरणाची अवस्था याबद्दल कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट शिकवण वेगळी आहे, त्यात इथे शिरत नाही. पण ख्रिस्ताजवळ असणं हा शेवट नाही. प्रभू येईल, देह उठवले जातील, आणि देव नवं आकाश व नवी पृथ्वी करील. प्रकटीकरण २१ मध्ये माणसं वर जात नाहीत, पवित्र नगरी खाली येते आणि देव माणसांत वस्ती करतो. उठलेल्या प्रभूने लूक २४ मध्ये भाजलेल्या माशाचा तुकडा शिष्यांसमोर खाल्ला, हातपाय दाखवले. खिळ्यांचे व्रण होते, वेदना नव्हती. आजाराने वाळलेला हा देह टाकून देण्याचा कपडा नाही. पौल बीज आणि रोप असं म्हणतो: पेरलेलं आणि उगवलेलं एकच, पण रूप किती निराळं.

तुम्ही प्रश्नात लिहिलं नाहीत, पण या अवस्थेत जवळजवळ प्रत्येक पत्नीच्या मनात असतं: तिथे ते माझे असतील का? मत्तय २२:३० मध्ये प्रभू म्हणतो की पुनरुत्थानात लग्न करत नाहीत की करून देत नाहीत. हे वाचून पुष्कळ जणींचं मन तुटतं. पण तिथे सदूकींनी, म्हणजे पुनरुत्थान न मानणाऱ्या यहूदी पंथाने, एका बाईच्या सात नवऱ्यांचं कोडं घातलं होतं, आणि प्रभू सांगत होता की जिथे मरण नाही तिथे घराणं पुढे चालवण्यासाठीच्या लग्नाची गरज नाही. ओळख पुसली जाईल असं तो म्हणत नाही. उठलेल्या येशूने नावाने हाक मारताच मग्दालीया मरियेने त्याला ओळखलं. प्रीती कधी नाहीशी होत नाही, असं पहिलं करिंथ १३ सांगतं. तेव्हा इतक्या वर्षांच्या संसारात देवाने तुम्हा दोघांत जी प्रीती घडवली ती वाया जाणार नाही. तिथे ती इथल्यापेक्षा कमी होईल असं मानायला काही कारण नाही. यापुढचं शास्त्र सांगत नाही, आणि मीही सांगणार नाही.

आशा खरी असली की हात कामाला लागतात. करिंथकरांना लिहिलेला पुनरुत्थानाचा तो लांबलचक अध्याय, अठ्ठावन्नाव्या वचनात, ‘म्हणून कामात स्थिर राहा, श्रम व्यर्थ नाहीत’ अशा अर्थाने संपतो. पंडिता रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. रमाबाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतः गेल्या. ज्याला पुढचं माहीत आहे त्याला आजचं काम अर्धवट टाकावंसं वाटत नाही.

तुमच्या घरातलं एक काम सांगते, कारण ते नेहमी राहून जातं: मृत्युपत्र. यजमान शुद्धीत आणि सही करण्याच्या स्थितीत आहेत तोवर करा. भारतातल्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश आणि बाकी मुलांना असा वाटा पडतो. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ज्याला काही द्यायचं आहे त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नका, नाहीतर त्याचा वाटा बाद होतो. नोंदणी सक्तीची नाही. बँकेतली नामनिर्देशनं तपासा. जुनं भांडण असेल, कुणाशी बोलणं तुटलं असेल, तर तेही याच आठवड्यात. फोन करायचा असेल तर तुम्ही लावून द्या, बोलायचं त्यांना.

दोन ठिकाणी मात्र सावध व्हायला हवं. एक, खात्री हरवण्याचं कारण कधीकधी एखादं नेमकं पाप असतं, झाकलेलं, अजून चालू असलेलं. तिथे आशेची वचनं कितीही वाचली तरी लागू पडत नाहीत. ते कबूल करावं लागतं, शक्य असेल तिथे भरपाई करावी लागते. ‘प्रभो, प्रभो’ म्हणणारा प्रत्येक जण आत येईल असं नाही, हेही प्रभूचंच वचन आहे. पण नीट पाहिल्यावर तसं काही सापडत नसेल तर उगाच खोदत बसू नका. दोन, सलग दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन नाही, मेलेलं बरं असं वाटतं, तर हा श्रद्धेचा प्रश्न मानून घरात दडपू नका. डॉक्टरांकडे जा आणि जवळच्या माणसाला आजच सांगा. एलिया संदेष्ट्याने झाडाखाली मरण मागितलं तेव्हा दूताने आधी त्याला भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, मग पुन्हा उठवून खायला घातलं.

ते गेल्यावर रडा. थेस्सलनीकरांना पौल असं लिहीत नाही की शोक करू नका. आशा नसलेल्यांसारखा करू नका, असं लिहितो. लाजराला आपण उठवणार हे माहीत असूनही प्रभू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. ‘विश्वासी आहेस, रडतेस काय’ म्हणणाऱ्याला उत्तर द्यायची गरज नाही. आणि स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. एखाद्या दिवशी तेवढंच म्हणता आलं तर तेवढंच म्हणा. पहिल्या महिन्यात माणसांची वर्दळ असते. कठीण असतो तो तिसरा-चौथा महिना. मंडळीतल्या दोन बहिणींना आत्ताच सांगून ठेवा की त्या वेळी दर आठवड्याला एकदा येऊन बसायचं, बोलणं झालं नाही तरी चालेल.

आणि दफनविधीसाठी कोणतं वचन, कोणती भजनं, हे यजमानांनाच विचारा. पुष्कळांना हे विचारणं निर्दयपणाचं वाटतं. आजाऱ्याला मात्र बहुधा हायसंच वाटतं, कारण त्याच्या मनात ते असतंच आणि बोलायला कुणी मिळत नसतं. त्यांनी सांगितलेलं एका चिठ्ठीवर लिहा, त्यांना वाचून दाखवा आणि त्यांच्याच शास्त्रात, त्या वचनाच्या पानात घालून ठेवा. त्या दिवशी पाळकसाहेबांच्या हातात ते शास्त्र तसंच द्या.